मुठी, नडग्या आणि मुका मार : 'अंग तयार करण्या'चे अनुभव लिहा

कराटे, किकबॉक्सिंग, मुए थाई, कुंग फू, काहीही शिकत असाल तर कधी ना कधी कुणीतरी सांगतंच, "आधी अंग तयार कर." म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र प्रत्येक क्लासमध्ये निराळं. कुठे भिंतीवर मुठी आपटायला लावतात, कुठे नडगीवर लाटणं फिरवायला सांगतात. व्हिडिओत पाहिलेलं नको. स्वतः काय केलंत आणि अंगाला काय झालं, ते लिहा. सुरुवात मी करतो.

आमच्या क्लासमागे परसात माकिवारा पुरलेला होता. लाकडी फळी, बुडाशी जाड, वर निमुळती होत गेलेली, छातीच्या उंचीवर सुंभ घट्ट गुंडाळलेला. कराटेचं माहेर असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावर भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळतात; आमच्याकडे काथ्या मिळतो. ठोशासरशी फळी मागे जाते आणि परत येते. लवत नसेल तर तो माकिवारा नव्हे, नुसता खांब. सर आमच्या मुठीकडे क्वचितच बघायचे, मागच्या टाचेकडे बघायचे. टाच उचलली की धक्का उलटा खांद्यात येतो. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेल्या दोन गाठी नीट बसल्या, मनगट सरळ राहिलं, की फळीचा आवाजच बदलतो. घट्टे पडले ते ओघाने. माझ्या मते माकिवारा हाडं टणक करायला कमी आणि मनगट सरळ ठेवायला जास्त उपयोगी.

गोजूर्यूवाली : आमच्याकडे, म्हणजे गोजूर्यू कराटेत, कोते किताए, म्हणजे कोपरापुढचे हात कणखर करण्याचा सराव. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं आणि हातावर हात आपटायचे: आतून, बाहेरून, खालून, परत दुसरा हात. सुरुवातीला इतकं हळू की हसू येतं. जोर किती लावायचा हे दोघींतली कच्ची ठरवते, हा नियम सगळ्यात मोलाचा. नवीन मुलं इथेच चुरस लावतात आणि दुसऱ्या दिवशी पाण्याचा तांब्या उचलताना तोंड वाकडं करतात. बहिणीच्या लग्नात कासारीण बांगड्या भरायला बसली. माझा हिरवानिळा हात बघून थांबली, आवाज खाली आणून म्हणाली, "घरी सगळं ठीक ना, बाई?" आईला समजावता समजावता नाकी नऊ आले.

बँकॉकस्थ : नोकरीनिमित्त इथे आहे, घराजवळच्या मुए थाई कॅम्पमध्ये जातो. केळीच्या झाडाला लाथा मारणारं अजून कुणी दिसलेलं नाही. पहाटे धावणं, दोरीवरच्या उड्या, पॅड, आणि मग बॅग. जुन्या बॅगेत भरलेल्या चिंध्या दबून खाली बसतात, त्यामुळे बूड वरच्यापेक्षा कडक असतं. नवख्याला मध्यावर लाथा मारायला लावतात, मुरलेले हळूहळू खाली सरकतात. नडगीची तयारी ती एवढीच, पण वर्षानुवर्षं. लाटणं आणि बाटली फिरवल्याने हाड घडत नाही, वरची कातडी आणि नसा तेवढ्या बधिर होतात, असं इथले जुने लोक सांगतात.

मूगडाळ : कुंग फूतला लोहपंजा! आधी तळहात आपटायला मुगाची पिशवी, मग खडीची, शेवटी लोखंडी छऱ्यांची. वरून झाडपाल्याच्या अर्काने हात चोळायचे. मी मुगावरच आहे. आईने मूग परत मागितलेत.

क्योकुशिनवाला : आमच्या क्योकुशिन कराटेत मुठीने चेहऱ्यावर मारायचं नाही, त्यामुळे सगळा राग मांडीवर निघतो. एका जोडीदाराला मांडीवर जोरदार लाथ बसली, रक्त साकळलं. घरच्यांनी मायेपोटी कढत तेलाने रगडून मालिश केलं, तेही रोज. काही आठवड्यांनी मांडीत दगडासारखी गाठ. एक्स-रेमध्ये स्नायूत चक्क हाड तयार झालेलं दिसलं. गुडघा पूर्ण दुमडायला त्याला कित्येक महिने लागले. तेव्हापासून आमच्याकडे मुक्या मारावर बर्फ, पट्टी आणि विश्रांती. फार तर आंबेहळदीचा लेप, रगडणं बंद.

हाडवैद्य (खराखुरा, अस्थिरोगवाला) : वरचा प्रकार आम्ही पाहतो, त्याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. ताज्या माराला रगडणं आणि शेकणं, दोन्हींनी धोका वाढतो.

हाडाबद्दल थोडं. भार पडेल तसं हाड स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यविशारद वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. पण घडण्याची रीत अशी, की आधी जुनं हाड खरवडून निघतं आणि मग नवं भरतं. पूर्ण फेऱ्याला तीन-चार महिने लागतात. मधल्या काळात ती जागा उलट कच्ची असते. नेमक्या त्याच वेळी 'आता दुखत नाही' म्हणून जोर वाढवला की बारीक चीर जाते. नडगीवर एकाच बिंदूला बोट लावल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर लाथा बंद करा आणि दाखवून घ्या. भिंतीवर रागाने ठोसा मारून येणाऱ्यांचं मात्र ठरलेलं असतं: करंगळीमागचं हाड मोडलेलं.

नवी आई क्लासबाहेर बसलेली : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. त्याला फरशीवर मुठी टेकून जोर काढायला लावतात. चालेल का?

हाडवैद्य : ताई, चटईवर, मनगट सरळ ठेवून थोडे काढले तर हरकत नाही. फरशीवर नको. आणि माकिवारा, खडी, हातावर हात आपटणं यातलं काहीही या वयात नको. हाडांची वाढ जिथून होते त्या चकत्या अजून मऊ असतात. सरांना सरळ विचारा. चिडले तर क्लास बदला.

गोजूर्यूवाली : +१. आमच्याकडे मुलांना कोते किताए देतच नाहीत, ती बाजूला बसून मोजतात.