मदत हवी आहे: पाणी प्यायलेल्या जिप्सीला कुठलं इंजिन घालू? (बजेट सव्वा लाख)

नमस्कार मंडळी,

गाडी १९९८ ची मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी, कार्बोरेटरवाली. मुक्काम सावंतवाडीजवळ. पावसाळ्यात इथल्या आणि गोव्यातल्या छोट्या ऑफ-रोड शर्यतींत हौसेने उतरतो. २०१४ पासून गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मोठी ऑफ-रोड शर्यत होते, तिथे मात्र फक्त बघायला जातो. बक्षीस म्हणाल तर आजवर एक छत्री मिळाली आहे.

गेल्या जुलैत वहाळ ओलांडताना पाणी बोनेटवर चढलं. घाबरून मी पाय आणखी दाबला, 'खट्' आवाज झाला आणि गाडी जागीच बंद. मग गाढवपणा केला तो असा की स्टार्टर मारत बसलो. मेस्त्रींनी चारही प्लग काढून इंजिन फिरवलं, तर तिसऱ्या सिलिंडरमधून चहाच्या रंगाचं पाणी थेट त्यांच्या शर्टावर. "पोटात पाणी गेलाहा ह्येच्या," एवढंच म्हणाले. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला आणि ब्लॉकलाही ओरखडे पडले.

जुनं इंजिन तसंही ६० बीएचपीचं. खर्च करायचाच आहे तर जरा दमदार बघावं म्हणतो. डोक्यात तीन पर्याय आहेत.

पहिला, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) जिप्सीचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन, ८० बीएचपी. माउंटिंगची भानगड नाही. दुसरा, जुन्या बलेनोचं १५९० सीसी, ९४ बीएचपी. रॅलीवाले हेच घालतात, त्यामुळे जीव त्यात अडकलाय. पण बलेनोत ते आडवं बसतं आणि जिप्सीत उभं. मग बेलहाउसिंग (इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कवच), ऑइल संप (खालची तेलाची टाकी), मॅनिफोल्ड (हवा-धुराचे पाइप) यातलं काय काय बदलावं लागतं? तिसरा, स्विफ्टचं १.३ डिझेल. बीएचपी फक्त ७५, पण टॉर्क (फिरवायचा जोर) १९० एनएम आणि तोही २००० आरपीएमला. चिखलात रांगायला याहून काय हवं? भीती एवढीच की जिप्सीचा गिअरबॉक्स आणि अॅक्सल शाफ्ट साधारण १०० एनएमच्या इंजिनासाठी केलेले. शाफ्ट तर आत्ताच वर्षाला एक तुटतो.

जुनं इंजिन कुर्ल्याच्या बाजारातून आणू की कोल्हापूरला उद्यमनगरात विचारू? कुणी स्वतः केलं असेल तर कृपया खर्चासकट सांगा.

प्रतिसाद:

डिझेल डोक्यातून काढा. टर्बो, इंटरकूलर, अॅडाप्टर प्लेट करता करता सव्वा लाख अर्ध्या रस्त्यात संपतील, आणि वहाळात ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) भिजला तर तुमचे मेस्त्री हात वर करतील. बलेनो चांगलंच, पण ते बसवणारा हात चांगला हवा. पहिल्यांदाच करताय तर पहिला पर्याय घ्या.

मात्र नुसतं इंजिन घेऊन येऊ नका. वायरिंग, ईसीयू, सेन्सर सगळं एकाच गाडीचं हवं. कार्बोरेटरच्या इंजिनाला साधा मेकॅनिकल पंप चालतो. एमपीएफआयला जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप आणि टाकीपर्यंत रिटर्न लाइन लागते. हा खर्च कुणी आधी सांगत नाही. घेताना तेलाचं झाकण उघडून बघा. आत ताकासारखा फेस दिसला, म्हणजे तेलात पाणी, की सरळ मागे फिरा.

आणि बीएचपीआधी टायर किती इंची आहेत ते सांगा. मोठे टायर गिअरचा जोर खाऊन टाकतात. मग इंजिन कितीही दमदार असो, फोर-लोमध्येही (चारही चाकांना जोर, सगळ्यात हळू गिअर) गाडी धापा टाकते. स्नॉर्केल (इंजिनाची हवा छताजवळून ओढणारा पाइप) तर यंदा लावाच, आणि अॅक्सलचे ब्रीदर (हवा जाण्या-येण्याचे) पाइप वर घ्या.

गाडी रस्त्यावर चालवत असाल तर आरसी बुकात इंजिन नंबर बदलावा लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओची परवानगी आधी, काम नंतर.

धागाकर्ता:

टायर ३१ इंची. आता कळलं धापा कशाच्या ते. :)

एमपीएफआयच घेतो. रिटर्न लाइनचं खरंच माहीत नव्हतं, वाचलो. शनिवारी कोल्हापूरला जातोय, मेस्त्रीही येतायत (शर्टाची भरपाई दिली, तेव्हा कुठे तयार झाले). कुडाळ-सावंतवाडी भागात कुणाकडे कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) आहे का? शुक्रवारी संध्याकाळी घेऊन जाईन, रविवारी घरपोच परत.