कॅट यंदाच द्यावी की अजून एक वर्ष नोकरी करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नागपूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटी होते. यंदा दिली आणि निवड झाली, तर पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेताना माझा अनुभव जेमतेम वर्षभराचा असेल.

आयआयएमच्या दोन वर्षांच्या कोर्सला अनुभवाची अट नाही, हे माहीत आहे. माझी अडचण दुसरीच आहे. मुलाखतीत कुणी विचारलं, कारखान्यात तू नेमकं काय करतेस, तर आज सांगण्यासारखं एवढंच आहे: आलेल्या मालाचे नमुने काढायचे, मापं घ्यायची, रिपोर्ट भरायचा, रिजेक्शन निघालं की सप्लायरला मेल टाकायचा. लॉट का बिघडला, तो परत पाठवायचा की सवलतीत घ्यायचा, त्याचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे सगळं वरचे लोक ठरवतात. साहेब म्हणालेत, दिवाळीनंतर हिंगण्याचे दोन लहान सप्लायर पूर्ण तुझ्याकडे देतो, ऑडिटलाही तूच जायचं. मला ते काम मनापासून करायचं आहे, कारण पुढे एमबीएला ऑपरेशन्स, म्हणजे उत्पादन आणि पुरवठ्याचं व्यवस्थापन, हाच विषय घ्यायचा आहे.

घरी मात्र घाई आहे. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतात. एज्युकेशन लोनला ते सहकर्जदार राहणार, म्हणून त्यांचा पगार चालू असतानाच कर्ज मंजूर व्हावं असं त्यांना वाटतं, आणि त्यात चूक काहीच नाही. आईला इथलंच, नागपुरातल्या मिहानचं आयआयएम हवं आहे, म्हणजे मी नजरेसमोर राहीन. पण कॉलेज जवळ आहे म्हणून घाईने जायचं, हे मला पटत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे आत्ता जीमॅट ही एमबीए प्रवेशाची दुसरी परीक्षा देऊन ठेवायची. तिचा स्कोअर पाच वर्षं चालतो, कॅटचा त्या एका वर्षाच्या प्रवेशापुरताच. आयएसबी या बिझनेस स्कूलच्या एका वर्षाच्या कोर्सला किमान २४ महिन्यांचा अनुभव लागतो, तोवर तो पूर्ण होईल.

वर्षभराच्या अनुभवावर गेलेलं इथे कुणी आहे का? वर्गात आणि प्लेसमेंटला तो अनुभव कमी पडला का? शिफ्ट सांभाळून अभ्यास कसा जमवलात, तेही सांगा.

प्रतिसाद

ताई, यंदा परीक्षा नक्की द्या. नोव्हेंबरात पेपर झाला तरी बहुतेक आयआयएमच्या मुलाखती जानेवारीनंतर असतात. तुमचे हिंगण्याचे सप्लायर दिवाळीनंतर मिळणार, म्हणजे मुलाखतीला बसाल तेव्हा हातात दोन-तीन महिन्यांचं खरं काम असेल. साहेबांकडून ते काम आधी पक्कं करून घ्या. एखादं रिजेक्शन मुळापासून शोधून थांबवलंत, तर त्यावर अर्धा तास बोलता येईल.

मनासारखं कॉलेज मिळालं नाही तर जाऊ नका. परीक्षा दिली म्हणून प्रवेश घ्यायलाच हवा असं नाही, आणि गणिताची तयारी जीमॅटलाही उपयोगी पडेल. कर्जाचं बाबांच्या बँकेत आत्ताच विचारून ठेवा. पेन्शन असेल तर सहकर्जदार म्हणून ती धरतात का, हे तिथेच कळेल.

दहावी, बारावी आणि डिग्रीचे टक्के तेवढे लिहा. मुलाखतीला बोलावताना बरीच आयआयएम ते धरतात. ते कमी असतील तर मी तुम्हाला थांबायला सांगेन.