नोकरी सांभाळून महिन्याला ६-७ हजार जास्तीचे कसे मिळवता? खर्च तर आधीच कमी केलाय

गोदाकाठ_८९
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. नाशिकला अंबडमध्ये एका कंपनीत क्वालिटीला आहे, हातात ३८ हजार येतात. घराचा हप्ता १४,५००, पोरीची शाळा आणि व्हॅन मिळून ४,२००, वडिलांची औषधं अडीच, किराणा दूध भाजी ९ हजार, पेट्रोल अडीच, लाइट-गॅस-मोबाइल २,८००. म्हणजे उरतात अडीच हजार आणि ते एखादं लग्न नाहीतर पाहुणे आले की गेलेच, मग पंचवीस तारखेनंतर क्रेडिट कार्ड. बाहेरचं खाणं आम्ही बंदच केलंय, टीव्हीचं पॅकेज काढलं, बायकोची स्कूटी होती ती विकून कार्डाचं जुनं थकलेलं फेडलं. आता अजून कुठे काटायचं तेच कळत नाही.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. शनिवार-रविवार बाइकवर डिलिव्हरी करायची, किंवा टेलिग्रामवर एक मेसेज आलाय की व्हिडिओ लाइक करायचे आणि रोजचे हजार-बाराशे मिळतात ते बघायचं, नाहीतर दिवाळीला दीड महिना आहे तर बायकोच्या हातचा फराळ विकायचा. तिच्या चकल्या खरंच एक नंबर होतात, आख्खी बिल्डिंग सांगते. पण ती म्हणते ओळखीच्यांकडून पैसे कसे मागायचे. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज खरे आकडे सांगा.

सातारकर_अण्णा
दादा, ते टेलिग्रामवालं आत्ताच्या आत्ता ब्लॉक करा. आधी दीडशे-दोनशे रुपये खरंच खात्यात टाकतात, विश्वास बसला की 'प्रीपेड टास्क' म्हणून तुमच्याकडून हजार घेतात, मग पाच, मग वीस, आणि पैसे काढायला गेलं की अजून भरा म्हणतात. माझ्या साडूचे ६२ हजार असेच गेले. कुणाचे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाते.

डिलिव्हरीचं म्हणाल तर मी आठ महिने केलीय. पेट्रोल, ऑइल, टायर, सगळं वजा केलं तर दिसतं त्याच्या साधारण निम्मं हातात राहतं, आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, आपल्या गाडीचा विमा खाजगी वापराचा असतो, धंद्याला वापरताना अपघात झाला तर क्लेम अडू शकतो, ते विमा कंपनीला विचारून घ्या. शिवाय तुमचं नेमणूकपत्र काढून वाचा, दुसरं काम करायचं नाही असं कलम बऱ्याच कंपन्या घालतात. राज्य सरकारच्या नोकरीत तर १९७९ चे वर्तणूक नियम आहेत, परवानगीशिवाय धंदा चालत नाही, माझ्या भावाला त्यावरून नोटीस आली होती. वहिनींनी त्यांच्या नावावर केलं तर तुमच्यापुरता हा प्रश्न बराच सुटतो.

पोळपाट_लाटणं (डोंबिवली)
गोदाकाठदादा, हे माझंच काम आहे म्हणून सविस्तर लिहिते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ह्यांचा पगार निम्मा झाला तेव्हा सुरू केलं, ते अजून चालू आहे.

चकलीचा हिशोब सांगते, भाव तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील. १ किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, त्याच्या निम्मी मूगडाळ, धणे-जिरे, सगळं दळणासकट मला साधारण १९० ला पडतं आणि जवळपास २ किलो भाजणी होते, म्हणजे ९५ रुपये किलो. एक किलो भाजणीला तेल मोहनासकट ६०, तीळ-तिखट-हिंग ३०, गॅस २५, पिशव्या-लेबल २०. झाले २३०. त्याच्या सव्वा ते १ किलो ३०० ग्रॅम चकल्या होतात. मी ४५० ने विकते, म्हणजे घाण्यामागे साडेतीनशे सुटतात, पण उकड काढण्यापासून कढई घासेपर्यंत तीन तास जातात हो. तासाचे झाले १२० च्या आसपास. हे वहिनींना आधी सांगा, नाहीतर माझ्यासारखं पहिल्या वर्षी ३०० रुपये किलोने देऊन बसतील आणि भाऊबीजेला अंथरुणाला खिळतील. मी खरंच चार दिवस उठले नव्हते.

आणि आता महत्त्वाचं. फराळ वर्षातून एकदा, दर महिन्याचे ६ हजार त्यातून येत नाहीत. माझा महिन्याचा हातभार आहे तो कोरड्या भाजणीचा. चकलीची, थालीपिठाची, उपासाची. नोकरी करणाऱ्या बायकांना तळायला जमतं पण भाजत बसायला वेळ नसतो. भाजणी मी २०० ने देते, तळण नाही, तुटणं नाही, महिनाभर आरामात टिकते, आणि पाच किलो एकदम भाजली तरी वेळ पाचपट लागत नाही. महिन्याला ३० ते ३५ किलो जाते. चकली हा नमुना म्हणून द्या, ऑर्डर भाजणीची घ्या.

पैसे मागायचं जड जातं, माझंही व्हायचं. त्यावर मी एकच केलं, भावाचा कागद छापून घेतला. तोंडाने भाव सांगितला की लोक घासाघीस करतात आणि आपण लाजतो, छापलेला असला की कुणी विचारत नाही. सख्ख्या नणंदेलाही तोच भाव, तिला वर पाव किलो शेव प्रेमाने देते पण बिल पूर्ण. अॅडव्हान्स निम्मा घ्यायचाच.

फूड लायसन्सची नोंदणी करून घ्या, मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, ऑनलाइन होते, १४ आकडी नंबर मिळतो तो पाकिटावर टाकायचा, सोबत वजन, तारीख, आत काय काय आहे ते. लाल घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायचा नाही असा नियम आहे, तेव्हा १९ किलोचा निळा घ्या आणि गॅसचा खर्च त्याच भावाने धरा.

निफाडची_मावशी
बाळा तुझे आकडे वाचले आणि जीव तुटला. एवढं काटकसरीने राहताय दोघं, पोरीला घेऊन.

किराण्याच्या ९ हजारात मात्र अजून जागा आहे असं मला वाटतं, कमी खाऊन नाही, वेळेवर घेऊन. आमच्याकडे अजूनही मार्च-एप्रिलात नवा गहू आला की वर्षाचा भरतात, कडक ऊन द्यायचं, एरंडेल चोळायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा लासलगावकडून एक गोणी आणून पसरून ठेवला तर दिवाळीपर्यंत भाव वाढो नाहीतर पडो, आपल्याला काही नाही. एकदम पैसे लागतात हे खरं, म्हणून फराळाचे जे सुटतील ना ते कार्डात घालून संपवू नकोस, त्यातले चार-पाच हजार गव्हाला बाजूला ठेव.

दुसरं म्हणजे तुम्ही नाशिककर, वाळवण कसं विसरलात? नागलीचे पापड शहरातले लोक शोधत असतात. कुरडईला गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, वाटून चीक काढा, मेहनत फार आहे पण चैत्र-वैशाखात एकदा घातलं की वर्षभर विकता येतं, नासत नाही. तुमच्या बिल्डिंगची गच्ची वापरायला सोसायटीकडून आधी विचारून घे. मी आणि माझी जाऊ दोघींनी मिळून गेल्या उन्हाळ्यात ४० किलो केलं होतं, पावसाळ्यातच संपलं.

गोदाकाठ_८९
सगळ्यांचे मनापासून आभार. टेलिग्रामवालं ब्लॉक केलं, आणि खरं सांगतो त्याच दिवशी त्यांचे १५० रुपये आले होते, अण्णांनी लिहिलं नसतं तर मी पुढे गेलो असतो. नेमणूकपत्रात कलम आहे, त्यामुळे डिलिव्हरी कॅन्सल.

बायकोला पोळपाट ताईंचा हिशोब वाचून दाखवला. ती आधी गप्प बसली आणि मग वही घेऊन तिचे स्वतःचे आकडे मांडायला लागली, आमच्याकडे तिला भाजणी ९० ला पडतेय. या रविवारी पाच किलो भाजायचं ठरलंय, हलवायला मी आणि निवडायला वडील. भावाचा कागद माझ्या ऑफिसमधला मित्र करून देतोय. मावशी, सासूबाई पेठ तालुक्यातल्या आहेत, नागलीचे पापड त्यांच्या हातचेच. मार्चमध्ये त्यांना बोलावणार आहोत.

तिचा एक प्रश्न आहे ताई, गिरणीत भाजणी कशावर दळायची? आमचा गिरणीवाला दिवसभर गहूच दळतो.

पोळपाट_लाटणं (डोंबिवली)
गव्हावर नका देऊ वहिनी, चकली चिवट होते. त्याला विचारून ठेवा बेसन कधी दळतो, त्याच्या मागोमाग आपला डबा लावायचा. आणि तरी पहिलं मूठभर पीठ वेगळं काढा.