टाळ्यांवरून काय कळतं?

'लोक टाळ्या वाजवत होते, म्हणजे त्यांना चाउशेस्कू हवाच होता' हे रोमानियाच्या या कम्युनिस्ट हुकूमशहाबद्दलचं मत मला अजिबात पटत नाही. १९६८ मध्ये सोव्हिएत फौजांच्या चेकोस्लोव्हाकियावरच्या आक्रमणाला त्याने उघड विरोध केला, तेव्हाचं कौतुक खरं होतं, मान्य. पण ऐंशीच्या दशकात? परदेशी कर्ज फेडायला अन्न निर्यात होत होतं आणि घरी ब्रेड रेशनवर, खोल्या गारठलेल्या. टाइपरायटरचीसुद्धा पोलिसांकडे नोंद लागायची. शेजारीच खबऱ्या असेल, ही धास्ती वेगळीच. अशा देशात टाळी न वाजवायलाच छाती लागते हो! २१ डिसेंबर १९८९ ला बुखारेस्टमध्ये त्याच्या जयजयकारासाठी जमवलेल्या गर्दीतूनच ओरडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशी तो हेलिकॉप्टरने पळाला. माणसं एका रात्रीत बदलली नव्हती.