मदत हवी आहे: मतांगीकारावरच्या (ख्रिस्ती श्रद्धा थोडक्यात मांडणाऱ्या विधानावरच्या) अभ्यासवर्गाचा तिसरा आठवडा कसा बसवावा?

चर्चला येणं थांबवलेल्या किंवा काठावर उभ्या असलेल्या तरुणांसाठी सहा आठवड्यांचा वर्ग आखतोय. 8 ते 12 जण, दर वेळी 90 मिनिटं: 10 वाचन व शांतता, 20 मांडणी, 40 चर्चा, उरलेली 20 प्रश्न लिहून ठेवायला आणि प्रार्थनेला. आधार निकेया मतांगीकाराचा. मूळ मजकूर इ.स. 325 चा, उपासनेत म्हणतो तो 381 च्या चर्च-परिषदेशी जोडलेला. एवढं सांगितलं तरी शब्द घडत गेले हे वेगळं पटवावं लागत नाही.

अडकलंय तिसऱ्या आठवड्यात. जर्मन ईशशास्त्रज्ञ बुल्टमान यांचं 1941 चं मिथक-उकलीचं (नव्या करारातल्या मिथकांच्या भाषेचा आजच्या माणसासाठी अर्थ लावण्याचं) व्याख्यान आणि नाझींच्या कैदेतले जर्मन पाळक बोनहोफर यांची 1944 ची तुरुंगातली ‘धर्मविरहित ख्रिस्तीपणा’ची पत्रं एकत्र घेतली की लोक दोघांना एकाच माळेत ओवतात. बोनहोफर यांची तक्रार तर उलटी होती: बुल्टमान पुरेसे पुढे गेलेच नाहीत! शिवाय ‘धर्मविरहित’ म्हणजे ‘चर्च नको’ असा सोयीचा अर्थ निघतो आणि चर्चा पाळकांवरच्या रागात संपते.

दोघांना वेगळे आठवडे द्यावेत, की बुल्टमान वगळावेत? पुनरुत्थानाचा विषय याआधी घ्यावा की नंतर? आधी घेतला तर ‘घडलं की नाही’ यातच 40 मिनिटं जातात, असा माझा अंदाज. आणि गप्प बसणाऱ्यांसाठी निनावी चिठ्ठ्यांपेक्षा बरं काही कुणी वापरलंय का? चिठ्ठ्यांत नेमका तोच धारदार प्रश्न येतो, पण विचारणारा पुढे बोलत नाही.