मदत हवी आहे : पीट पॉसलथ्वेट यांच्या रंगभूमीवरील कामाविषयी

इंग्लिश चरित्र अभिनेते पीट पॉसलथ्वेट (१९४६–२०११) यांच्या कारकिर्दीवर मी एका दिवाळी अंकासाठी लेख लिहीत असून त्यातला रंगभूमीचा भाग अडला आहे. पडद्यावरच्या कामाची अडचण नाही. ‘इन द नेम ऑफ द फादर’मधला (१९९३) ऑस्कर नामांकन मिळवून देणारा, निरपराध असून तुरुंगात पडलेला बाप जुझेप्पे कॉन्लन, ‘ब्रास्ड ऑफ’मधला (१९९६) खाणकामगारांच्या बँडचा संचालक डॅनी आणि ‘शार्प’ या दूरचित्रवाणी मालिकेतला क्रूर खलनायक हेक्सविल हे सारे पाहून झाले आहेत. (हेक्सविल आणि जुझेप्पे एकाच नटाचे आहेत, हे पटायला वेळ लागतो.) मात्र लिव्हरपूलच्या ज्या एव्हरीमन थिएटरमध्ये ते सत्तरच्या दशकात घडले, तिथेच २००८ मध्ये परतून त्यांनी उभा केलेला ‘किंग लिअर’ मला केवळ वृत्तपत्रीय परीक्षणांतून आणि त्यांच्या आत्मचरित्रातून कळतो, आणि परक्याच्या मतावर अभिनयाचे विश्लेषण करणे मला योग्य वाटत नाही. यूट्यूबवरच्या मुलाखती पाहिल्या आहेत. ब्रिटनला जाणे शक्य नाही, शुल्क भरण्याची तयारी आहे. या प्रयोगाचे चित्रमुद्रण वा निदान ध्वनिमुद्रण भारतात बसून अधिकृतपणे मिळवता येते का, आणि त्यासाठी नेमका कोणत्या संग्रहालयाकडे, कशा प्रकारे अर्ज करावा लागतो?