टच केल्यावर इमेज फेड करणं "दोन ओळींचं काम"? मग लिस्टमध्ये करून दाखवा

पंचवटीकर_कोडर:
काल इथे एकाने लिहिलं की टचवर इमेज फेड करणं, म्हणजे बोट लागताच फोटो फिका करणं, दोन ओळींचं काम आहे आणि बाजारभावाच्या ॲपला असला नटवेपणा हवाच कशाला. वाचल्यापासून डोकं फिरलंय. पिंपळगावच्या मार्केटात शेतकरी ट्रॅक्टरवर बसून एका हाताने फोन धरतो, अंगठ्याने कांद्याचा फोटो दाबतो, नेट रडत असतं, स्क्रीनवर काहीच हललं नाही की परत दाबतो, परत दाबतो, आणि मग तेच पान एकावर एक उघडत जातं. फोटो दाबल्याक्षणी जरा फिका पडला की माणूस थांबतो. हा नटवेपणा?

सातपूरवाला:
मीच तो. डाउनला, म्हणजे बोट टेकलं की, अल्फा (फोटोचा ठळकपणा, ० म्हणजे गायब, १ म्हणजे पूर्ण) ०.४, अपला, म्हणजे बोट उचललं की, परत १. झाल्या दोन ओळी. रिॲक्ट नेटिव्हमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड-आयफोन दोन्हीचं ॲप बनवतात ते) तर तेवढंही नको, त्यातलं तयार टचेबलओपॅसिटी लावा, दाबलं की आपोआप ०.२ होतं. उगाच बाऊ करू नका.

टेस्टिंगवाली_ताई:
दादा, तुमच्या त्या दोन ओळींचे बग मी काढत बसते. अँड्रॉइडच्या साध्या इमेजव्ह्यूवर (फोटो दाखवणारा चौकोन) टच लिसनरमधून, म्हणजे टच ऐकणाऱ्या कोडमधून, फॉल्स (टच मला नको) परत केलं की अप येतच नाही. ट्रू (टच माझा) केलं तरी लिस्टमध्ये बोट ठेवून वर सरकवा, लिस्ट टच हिसकावून घेते, अपऐवजी कॅन्सल येतो. तो कोणी हाताळतच नाही, फोटो फिकाच राहतो. वर रिसायकलर, म्हणजे लिस्ट दाखवणारा भाग, वर सरकून गेलेला तोच व्ह्यू (चौकोन) खाली दुसऱ्या फोटोसाठी वापरतो, म्हणजे न दाबलेला टोमॅटोही फिका.

सातपूरवाला:
बरं, कॅन्सलची एक ओळ वाढवा. तीन झाल्या.

गंगापूररोड_फ्रीलान्सर:
ह्या "दोन ओळीं"मुळेच आमची वाट लागते. क्लायंटने असलं कुठेतरी वाचलं की म्हणतो, छोटंसं तर काम आहे, ह्याचे वेगळे पैसे कसले. माझा एक क्लायंट फोटो पूर्ण गायब करून मागत होता. आयफोनवर चाललं, अँड्रॉइडवर खालचं कॉलचं बटण मेलं. आयफोनवर अल्फा ०.०१ च्या खाली गेला की व्ह्यू टच घेत नाही, अँड्रॉइडवर शून्य केला तरी घेतो, शेवटी गॉन करावंच लागतं, म्हणजे व्ह्यू स्क्रीनवरून पूर्ण काढावा लागतो. हे शोधण्यात रात्र गेली, बिल मात्र अजून अडकलंय.

सातपूरवाला:
बिल अडकलं ह्यात माझा काय दोष? पुण्याला जा, तिथे रेट मिळतो.

गंगापूररोड_फ्रीलान्सर:
का जायचं? आईवडील इथे, घर इथे. नाशिकचा पोरगा तेच कोड लिहितो आणि त्याला अर्धे पैसे, कारण काय तर ऑफिस हिंजवडीत नाही! आणि आपलेच लोक कामाला छोटंसं म्हणतात.

टेस्टिंगवाली_ताई:
शंभर टक्के. पुण्याच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, नाशिकला टेस्टिंग असतं का म्हणून.

सातपूरवाला:
मी पण नाशिकचाच आहे, सातपूरला वाढलोय. क्लायंटला काम समजावून सांगता येत नसेल तर रेट कसा मिळणार? रडून मिळतो का?

पंचवटीकर_कोडर:
समजावतो तेव्हाच तुमच्यासारखे मध्ये येऊन "दोन ओळी" म्हणतात ना! पुणे-नाशिक वेगळा धागा काढून भांडा.

दिंडोरी_द्राक्षबाग:
मी कोडवाला नाही, बागायतदार आहे. उन्हात स्क्रीनच दिसत नाही, तिथे फिकं झालेलं काय दिसणार? फोन जरा थरथरला तर बरं. फवारणी करताना तर बोटंही ओली असतात.

पंचवटीकर_कोडर:
भाऊ, उन्हाचा मुद्दा खरा आहे. फेडसोबत व्हायब्रेशन देऊ, पण फेड काढणार नाही. सावलीत, घरी, रात्री भाव बघणारेही आहेत.

सातपूरवाला:
मग हाताने टच पकडता कशाला? अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ पासून, स्टेटलिस्टॲनिमेटर आहे, व्ह्यूची अवस्था बदलली की ॲनिमेशन आपोआप चालवतो. प्रेस्डला (दाबलेलं असताना) अल्फा ०.४, नाहीतर १, इमेज क्लिकेबल, म्हणजे दाबता येईल अशी, करा. कॅन्सल सिस्टीमच बघते, आणि लिस्टमध्ये प्रेस्ड जरा उशिरा लागतो म्हणून नुसतं सरकवताना फोटो लुकलुकत नाही.

टेस्टिंगवाली_ताई:
हे बरोबर सांगितलंत. कालच हे लिहिलं असतं तर एवढं भांडण झालं नसतं.

सातपूरवाला:
मान्य, दोन ओळी नाहीत. एक एक्सएमएल फाइल आहे. त्यासाठी रात्र लागत नाही, एवढं तरी तुम्ही मान्य करा.

गंगापूररोड_फ्रीलान्सर:
प्रेस्डपुरतं मान्य. गायब करायचं असेल तर तुमची फाइल पुरत नाही, फेड संपल्यावर गॉन हातानेच करायचं. विदएंडॲक्शनमध्ये (ॲनिमेशन संपल्यावर चालणारा कोड) टाकलं आणि फेड मध्येच कॅन्सल झाला तर ते चालतच नाही, तोही रस्ता बघावा लागतो. त्याचे पैसे मी वेगळे लावणार.